राजीनामा दिला, पगार अडकला: गोव्यात थकीत वेतन कसं वसूल करायचं

वेर्ण्याचा कारखाना असो, कळंगुटचं हॉटेल असो की पणजीतलं चार टेबलांचं ऑफिस, राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या माणसाला एकच उत्तर मिळतं: ‘तुमचं फुल अँड फायनल प्रोसेसमध्ये आहे.’ ही शेवटच्या हिशेबाची प्रोसेस कधी संपणार ते कोणी सांगत नाही. मग फोन उचलणं बंद होतं, एचआरमधली मुलगी स्वतःच नोकरी सोडून जाते आणि तिच्या जागी आलेल्याला तुमचं नावही ठाऊक नसतं. बहुतेक जण इथे हात टेकतात. वीस-पंचवीस हजारांसाठी कोण कोर्टकचेऱ्या करत बसणार, असं म्हणून विषय सोडतात. पात्रांवाचा, म्हणजे मालकाचा, सगळा भरवसा नेमका त्यावरच असतो.

या कामात कोर्टाची पायरी बहुधा चढावी लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही. लागतो तो तुमच्या हातचा हिशेब: किती रुपये, कोणत्या महिन्याचे, कोणत्या तारखेपासून थकलेले. ‘माझा पगार द्या’ असं म्हणणारा माणूस महिनोन्‌महिने फिरत राहतो. ‘माझे ४३,७०८ रुपये द्या, हे असे’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

कायदा आता काय म्हणतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ देशभर लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा गेला. राजीनामा देणाऱ्यांसाठी हा बदल मोठा आहे. जुन्या कायद्यात मालकाने कामावरून काढलं तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत हिशेब चुकता करण्याची सक्ती होती. स्वतःहून सोडणाऱ्याचा तिथे उल्लेख नव्हता. संहितेच्या १७ व्या कलमात राजीनाम्याचंही नाव घातलं आहे. म्हणजे शेवटच्या दिवसानंतर कामकाजाच्या २ दिवसांत वेतन मिळालं पाहिजे. ‘आमच्या पॉलिसीप्रमाणे ४५ दिवस लागतात’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. कंपनीची पॉलिसी कायद्याच्या वर नसते.

दुसरा बदल पगाराच्या मर्यादेचा. जुन्या कायद्याचं संरक्षण महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला होतं. आता तशी मर्यादा नाही, आणि ‘कर्मचारी’ या शब्दात सुपरवायझर आणि मॅनेजरही येतात. हॉटेलातल्या फ्रंट ऑफिस मॅनेजरला ‘तू कामगार नाहीस, तुझा दावा इथे चालत नाही’ असं सांगून परत पाठवण्याची सोय राहिलेली नाही. अॅप्रेंटिस म्हणून घेतलेल्यांचा मार्ग मात्र वेगळा आहे, त्यांना वेगळा कायदा लागतो.

तिसरा बदल मुदतीचा. पूर्वी १२ महिन्यांत दावा करावा लागे, आता ३ वर्षं आहेत. ३ वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका. तुमची थकबाकी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल, तर समोरचा वकील जुनी १२ महिन्यांची मुदत काढून वाद घालू शकतो. शिवाय साक्षीदार पांगतात, हॉटेलची मालकी बदलते, किनाऱ्यावरचा हंगामी शॅक पुढच्या सीझनला दुसऱ्याच नावाने उभा राहतो.

अजून आत असाल, तर सोन्यासारखी संधी आहे

राजीनामा द्यायचं ठरवलंय पण अजून दिलेला नाही, असा कोणी हे वाचत असेल तर त्याने इथे जरा थांबावं. ऑफिसचा ईमेल बंद झाला, हजेरीच्या अॅपमधून नाव गेलं, की पुरावा मिळवणं दसपट अवघड होतं.

नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, निदान मागच्या वर्षभराच्या सॅलरी स्लिप, रजेची शिल्लक दाखवणारा स्क्रीन, पंचिंगचा किंवा मस्टरचा फोटो, हे सगळं स्वतःच्या ईमेलवर किंवा फोनमध्ये घ्या. फक्त स्वतःपुरतं. कंपनीची गिऱ्हाइकांची यादी, दरपत्रकं यांना हात लावू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच केस घालतील.

राजीनामा तोंडी देऊ नका. ईमेल करा, त्यात नोटिशीचा काळ आणि शेवटचा दिवस तारखेसह लिहा, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर जाऊ द्या. ‘राजीनामा मंजूर केलेला नाही’ ही पुढे हमखास निघणारी सबब असते. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चावी, गणवेश, ओळखपत्र जे काही परत कराल त्याची यादी करून घेणाऱ्याची सही घ्या. सही करायला कोणी तयार नसेल तर त्याच संध्याकाळी ‘आज अमुक वस्तू अमुक व्यक्तीकडे जमा केल्या’ असा ईमेल पाठवा.

आणि ‘नो ड्यूज’च्या छापील कागदावर, पैसे हातात येण्याआधी, सही करू नका. ‘माझं कंपनीकडे काहीही येणं नाही’ अशी एक ओळ त्यात बहुधा असतेच. सही केल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर मिळणार नाही असं अडवलं, तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘अमुक रक्कम अद्याप मिळालेली नाही, हक्क राखून सही केली आहे.’ आणि फोटो काढा.

स्लिप नाही, पगार रोखीत होता

शॅक, गेस्ट हाऊस, छोटी दुकानं, बांधकामाची साइट इथे नेमणूकपत्र नावाची गोष्टच नसते. अर्धा पगार बँकेत आणि अर्धा पाकिटात, हेही सर्रास चालतं. अशा लोकांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. असतं, फक्त विखुरलेलं असतं.

बँकेच्या पासबुकात दर महिन्याला ठरावीक तारखेच्या सुमारास त्याच खात्यातून आलेली रक्कम. मालकाने जीपेवर टाकलेला अॅडव्हान्स. ड्युटी लावणारा व्हॉट्सअॅप ग्रुप. ‘सर, मागच्या महिन्याचं कधी?’ या मेसेजला आलेलं ‘नेक्स्ट वीक पक्का’ हे उत्तर, आणि हे तर फार मोलाचं, कारण त्यात येणं मान्य केलेलं असतं. ग्रुपमधून काढतील म्हणून चॅट आजच एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागू शकतं, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

दोन जागा अशा आहेत जिथे लोक बघतच नाहीत. एक, पीएफचं पासबुक. पगार दिला नाही, पण त्या महिन्याची वर्गणी भरली, असं पुष्कळदा होतं. म्हणजे त्या महिन्यात तुम्ही कामावर होता आणि वेतन अमुक होतं हे कंपनीने स्वतःच सरकारला कळवलेलं असतं. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याच्या वर्गणीचंही तसंच. दुसरी जागा आयकराच्या साइटवरचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा. न दिलेल्या पगारावर टीडीएस कापून भरलेला दिसला, तर समोरच्याला बोलायला फारसं काही उरत नाही.

संहितेचं ५९ वं कलम इथे तुमच्या बाजूने आहे. वेतन दिलं नाही असा दावा आला, तर दिलं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. पण तुम्ही तिथे कामाला होता, हे आधी तुम्हालाच दाखवावं लागणार. वरचा सगळा खटाटोप त्यासाठी.

हिशेब मांडा

एक पान घ्या. समजा पगार महिना २४,००० रुपये, मे महिन्याचा मिळालेला नाही, आणि शेवटचा दिवस १८ जून. मेचे २४,०००. जूनच्या ३० पैकी १८ दिवसांचे १४,४००. शिल्लक रजा ९ दिवस. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर ८,३०८ रुपये. घेतलेला अॅडव्हान्स ३,००० वजा. येणं ४३,७०८ रुपये. रजेसाठी कंपनी ३० ने भागेल आणि ७,२०० म्हणेल. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा नियमावलीत काय लिहिलंय ते बघून आकडा धरा. अॅडव्हान्स लपवू नका. एका ठिकाणी खोटं सापडलं की बाकीचा खरा हिशेबही संशयात जातो.

केलेला ओव्हरटाइम, प्रवासभत्ता, घरभाडे भत्ता हेही थकीत वेतनाच्या दाव्यात मोडतात. सलग ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी: शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. तिचा अर्जही वेगळा, आणि देण्याची मुदत ३० दिवसांची. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये १ वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते, हे हॉटेलांत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता कपाती. ‘ग्लास फुटले’, ‘स्टॉक कमी भरला’, ‘ट्रेनिंगचा खर्च’ अशा नावांनी शेवटच्या पगाराचा फडशा पाडला जातो. कायद्यात नमूद केलेल्या कारणांसाठीच कपात करता येते. नुकसानीबद्दल कापायचं तर ते तुमच्या हलगर्जीमुळे झालं असलं पाहिजे आणि आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिलेली असली पाहिजे. दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांहून जास्त नाहीत. नोटिशीचा काळ पूर्ण न करता निघाला असाल, तर त्या दिवसांचा पगार मालक मागणारच; त्यावर वाद घालता येतो, पण तो आकडा किती होतो हे आधीच मनाशी धरून ठेवा.

पत्र पाठवा, फोन बंद करा

हिशेब झाला की एक पत्र. ईमेलनेही आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसहही. एचआरला नव्हे, मालकाला, भागीदाराला किंवा संचालकाला, एचआरला फक्त प्रत. कंपनी असेल तर संचालकांची नावं आणि नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर सापडतात. मजकुरात राग नको:

‘मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर काम केले. माझे एकूण ४३,७०८ रुपये वेतन येणे आहे. तपशील सोबत जोडला आहे. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ प्रमाणे ही रक्कम कामकाजाच्या २ दिवसांत देणे बंधनकारक होते. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत रक्कम माझ्या खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. अन्यथा मी कामगार खात्याकडे दावा दाखल करीन.’

एवढंच. ‘तुम्हाला बघून घेईन’, ‘फेसबुकवर टाकतो’ असलं काही नको. बदनामीची नोटीस आली की मूळ विषय बाजूला पडतो. पत्रानंतर फोनवर बोलणं टाळा; फोन आलाच तर नंतर ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं’ म्हणून दोन ओळींचा मेसेज टाका. माझा अनुभव असा, की बऱ्याच ठिकाणी या पत्रालाच पैसे सुटतात. निदान तडजोडीचा फोन तरी येतो.

तडजोड म्हणून पुढच्या तारखेचा चेक दिला तर घ्यायला हरकत नाही, पण तो ३ महिन्यांच्या आत बँकेत टाका. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर मालकाला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली फौजदारी तक्रार. या तारखा चुकवून चालत नाहीत. इथे मात्र वकील हवाच.

कामगार खातं

गोव्याच्या कामगार आयुक्तांचं मुख्य कार्यालय पणजीत पाटो प्लाझावर, श्रम शक्ती भवनात आहे. कदंबच्या बसस्थानकावर उतरून चालत जाता येतं. मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा या भागांतल्या लोकांना तिथल्या तिथेही खात्याची कार्यालयं आहेत. तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही, काम कुठे केलं याला आहे. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीहून रोज ये-जा करणाऱ्यांनी तक्रार सिंधुदुर्गात नव्हे, गोव्यातच द्यायची.

एक फाटा इथे आहे आणि तो चुकला की महिने वाया जातात. खाणी, मुरगाव बंदर, रेल्वे, बँका, विमा, टेलिकॉम, विमान वाहतूक हे उद्योग केंद्र सरकारच्या कक्षेत येतात, आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंत्राटदारांची माणसंही. त्यांनी पाटोला न जाता वास्कोतल्या केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जावं. त्यांच्यासाठी केंद्राचं ‘समाधान’ पोर्टलही आहे. हॉटेलं, कॅसिनो, दुकानं, औषधांचे कारखाने, आयटी कंपन्या या राज्याच्या.

कामगार खात्यात दोन प्रकारची कामं होतात आणि नवख्या माणसाला त्यांतला फरक कळत नाही. साधी तक्रार दिली तर निरीक्षक (नव्या संहितेत त्यांना निरीक्षक आणि सुविधाकर्ता असं दुहेरी काम दिलंय) मालकाला बोलावून घेतात, समजावतात, कागद मागतात. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. पण मालक आलाच नाही, किंवा ‘देतो, देतो’ म्हणत तारखा घेत राहिला, तर वेतन संहितेच्या ४५ व्या कलमाखालचा दावा दाखल करावा लागतो. तो राजपत्रित दर्जाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे चालतो, आणि त्याचा आदेश बंधनकारक असतो. तक्रारीवर दोन-तीन तारखा नुसत्याच गेल्या की तुम्ही स्वतः म्हणा, ‘मला ४५ खाली दावा दाखल करायचा आहे, कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात?’ न विचारता कोणी सांगेलच असं नाही.

दावा तुम्ही स्वतः करू शकता, तुम्ही सभासद असलेली नोंदणीकृत संघटना करू शकते, किंवा निरीक्षकही करू शकतात. एकाच मालकाकडे चौघांचे पैसे अडकले असतील तर चौघांचा एकच अर्ज चालतो, आणि तसाच करावा. एकट्याला मालक फोडतो, चौघांना फोडायला त्याला महाग पडतं.

अर्ज मराठीत द्यायला संकोच करू नका. गोव्याची राजभाषा कोकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. फक्त हिशेबाचं पान समोरच्या वकिलालाही वाचता येईल असं, इंग्रजीतही जोडलंत तर तारीख वाचते. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का नसलेली प्रत म्हणजे न दिलेला अर्ज.

कंत्राटदाराने नेमलं आणि तोच गायब झाला, हे औद्योगिक वसाहतींत नेहमीचं. अशा वेळी ज्याच्या जागेत काम केलं त्या मूळ कंपनीलाही अर्जात प्रतिवादी करा. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ती जबाबदारी तिच्यावर येते. मोठ्या कंपनीला आपलं नाव अशा कागदावर नको असतं, त्यामुळे गायब झालेला कंत्राटदार अचानक सापडतो.

अधिकाऱ्याने ३ महिन्यांत निकाल द्यावा असा संहितेचा प्रयत्न आहे. तारखा वाढतात हेही धरून चाला. मूळ रकमेशिवाय तिच्या १० पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा, १० पट मिळेलच असं नाही. पण तडजोडीच्या टेबलावर ही तरतूद मालकाला आठवून द्यायला काहीच हरकत नाही. आदेशाविरुद्ध ९० दिवसांत अपील होऊ शकतं. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. हा दाखला आपोआप जात नाही असं समजूनच वागा आणि त्यासाठी लेखी विनंती द्या.

वकील लागलाच आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

पोलिसांत जावं का?

निव्वळ पगार थकला म्हणून गेलात तर ‘हे सिव्हिल मॅटर, लेबर ऑफिसला जा’ म्हणून परत पाठवतील. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवली, धमकी दिली, खोलीतून सामान बाहेर फेकलं, तर मात्र जा. तो वेगळा विषय आहे.

कंपनीच बुडाली असेल तर

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की कामगार खात्याचा दावा थबकतो. तेव्हा कंपनीचा कारभार तात्पुरता हाती घ्यायला नेमलेल्या अंतरिम समाधान व्यावसायिकाकडे ‘फॉर्म डी’ भरून, जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत, आपलं येणं नोंदवायचं. गोव्यातल्या कंपन्यांची ही प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळली जाऊ लागली, तर कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं येणं तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरलं जातं. इतर कर्मचाऱ्यांचं १२ महिन्यांचं येणं त्याच्या खालोखाल.

पीएफ वेगळा ठेवा

पगाराच्या भांडणात पीएफ अडकवू देऊ नका. तो पैसा मालकाकडे नाही, भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आहे. पगारातून वर्गणी कापली आणि भरलीच नाही असं पासबुकात दिसलं, तर संघटनेच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा पणजीच्या प्रादेशिक कार्यालयात वेगळी तक्रार करा, सॅलरी स्लिप जोडून. भरलेली असूनही मालक मुद्दाम नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिने झाले की ती तुम्हाला स्वतःच यूएएनच्या (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या) खात्यातून टाकता येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तेवढा चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.